वारा होता

ऑस्लामावशी सांगते, मी टाइप करते.
तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या बोटांत घाई.
बंद केलेल्या दुकानातलं उरलंसुरलं
आम्ही येल बेटावरून लिलावात विकतो:
शिंपल्याची बटणं, एक पितळी वायुभारमापक,
सुयांची पाकिटं, ज्यांवर किंमत अजून शिलिंगात आहे.

पैसे आले की लगेच अभिप्राय लिहायचा, ती म्हणते.
त्यानं आपलं काय लिहिलं ते बघत बसायचं नाही.
गिऱ्हाइकानं पैसे मोजले, त्याचं काम संपलं.
आता त्याचं नाव ओलीस ठेवून
आधी तू, मग मी,
हे पोरांनी गोट्या बदलताना करावं.

मी पाच तारे देते, वर तीन उद्गारचिन्हं.
"ओरडतेस कशाला एवढी?
बटणंच घेतली तिनं. बुडत्याला नाही काढलं."
एक पुसते. दुसरं पुसते.
तिसरं राहू देते; बाई ॲबरडीनची होती
आणि टपालखर्च कुरकूर न करता भरला होता.

क्रॉयडनच्या कुणा पर्सिव्हलनं लिहिलं:
पार्सल नऊ दिवस उशिरा. अत्यंत निष्काळजी विक्रेता.
आमच्या नावासमोरचा पहिला लाल ठिपका.
मी तावातावानं उत्तर रचलं,
त्यात नकाशा होता, बोटीचं वेळापत्रक होतं,
आणि त्याच्या आईचा उल्लेख होऊ घातला होता.
"केटली ठेव," मावशी म्हणाली.
पाणी उकळेपर्यंत काही पाठवायचं नाही, हा घरचा नियम.
चहा झाला. त्या दिवशीही
उल्स्टाची फेरी धक्क्याला बांधलेलीच होती,
मेंढ्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून.
"उत्तराच्या जागी लिही: वारा होता."
बस?
"झालं तेवढंच ना."

दुकानात उधारीची वही होती, काउंटरखाली.
नावापुढे मावशी एखादा शब्द लिहायची:
देतो. देईल. बायकोला सांगावं.
एकापुढे नुसतंच: बुडाला.
आणि ते पैशांबद्दल नव्हतं.
ती वही तिनं कधी कुणाला दाखवली नाही.
"आता सगळं काउंटरवर आलं," ती म्हणते,
"तेव्हा वाईट लिहिताना हात आखडता घे."

हलच्या एका माणसानं वायुभारमापकाची
काच फुटल्याचं कळवलं, फोटो पाठवला.
काच आमची नव्हती. आमच्या काचेला कडेशी हिरवट झाक होती.
तरी पैसे परत केले, पंचवीस पौंड.
लिहू? मी विचारलं. भामटा?
"तुला पक्कं काय ठाऊक आहे?"
त्यानं पैसे वेळेवर दिले होते.
"मग ते लिही. खोटं नको. खरंही सगळं नको."
एका ओळीत मी त्याला सोडून दिलं
आणि उरलेल्या ओळी रात्रभर मनात लिहीत राहिले.

काल एक अभिप्राय आला, ट्रॉम्सोहून, हालवर्ड नावाचा कुणी.
मी वाचून दाखवला:
सुतळीची गाठ सोडायला अर्धा तास लागला.
कात्री लावली नाही.

तारे किती, ते मावशीनं विचारलं नाही.
ती गाठ जाळ्याची, तिच्या बापाच्या हातची,
आता ती डोळे मिटून बांधते.
चिकटपट्टी लाव, असं मी किती वेळा म्हटलं होतं.
"बटणांबद्दल काय म्हणतो?"
काही नाही. एक शब्द नाही.
"आणि आपण त्याच्याबद्दल काय लिहिलंय?"
पैसे लगेच दिले, धन्यवाद. नेहमीचंच.
"बदलता येतं?"
नाही येत, मावशी.

पाठवायचं काहीच नव्हतं,
तरी तिनं उठून केटली ठेवली.